जुन्या जळगावचा रथोत्सव: कला पाहण्यासाठी यायचे असेल तर कधी आणि कसे यावे?

रथचौकातला

कार्तिकी एकादशीला जळगावच्या जुन्या गावातून निघणारा श्रीरामाचा रथ पाहायला यावे का, यायचे तर किती दिवस काढावेत आणि उभे कुठे राहावे, असे गेल्या पंधरवड्यात मला पुण्यातल्या चार-पाच मित्रांनी विचारले. त्यांतले दोघे चित्रकार आहेत आणि एक जण लाकडी कोरीवकामाचा अभ्यास करतो. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी आणि माझे चुकत असेल तिथे दुरुस्त करावे.

ग्रामदैवत श्रीराम मंदिराचा हा रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. दुपारी मंदिरापासून निघालेला रथ कोळी पेठ, चौधरी वाडा, सुभाष चौक, दाणा बाजार, भिलपुरा अशा जुन्या वस्त्यांमधून फिरतो आणि रात्री उशिरा रथ चौकात परत येतो. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी याच मिरवणुकीचे छायाचित्र छापून येते, त्यामुळे बाहेरच्या माणसाला उत्सव एकाच दिवसाचा वाटतो. प्रत्यक्षात तो दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेलाच सुरू झालेला असतो. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एकेक वहन निघते. (आम्ही जळगावचे लोक 'वाहन' म्हणत नाही, 'वहन' म्हणतो, आणि या दिवसांना वहनोत्सव.) कधी घोडा, कधी हत्ती, कधी सिंह, सरस्वती, गरुड, मारुती अशा लाकडी वहनांवर देव बसतो, पुढे भजनी मंडळ चालते आणि वाटेत ठरलेल्या घरी पानसुपारी होते.

मित्रांना मी सांगितले तेच इथेही सांगतो. कलेच्या ओढीने येणाऱ्याने एकादशीचा एकच दिवस गाठू नये. त्याआधीच्या निदान दोन-तीन संध्याकाळी वहनांबरोबर जुन्या गावात काढाव्यात. एकादशीला रथ दिसतो खरा, पण तो माणसांच्या डोक्यांवरून दिसतो. वहन तुमच्या खांद्याला खांदा लावून जाते. गरुडाच्या पंखांवरचा रंग, मूर्तीच्या मागची फुलांची बांधणी, अंगणात नुकतीच काढून पुरी झालेली रांगोळी आणि ती पुसली जाऊ नये म्हणून दारात उभी असलेली मुलगी, हे सगळे हातभर अंतरावरून पाहता येते. टाळकरी म्हाताऱ्यांच्या आवाजात कोणती चाल अजून शिल्लक आहे आणि कोणती तरुणांनी बदलली आहे, तेही ऐकू येते.

एकादशीच्या दिवशी मात्र एक कला अशी आहे की ती दुसऱ्या कुठल्याही दिवशी दिसणार नाही. ती म्हणजे मोगरी लावण्याची कला.

रथाला सुकाणू नसते आणि ब्रेकही नसतो. पुढे दोर धरून शेकडो माणसे ओढत असतात, आणि चाके एकदा फिरू लागली की रथ थांबवायचा असो वा वळवायचा असो, सगळा भरवसा मोगऱ्यांवर. मोगरी म्हणजे जड लाकडाचा पाचरीसारखा ठोकळा. तो फिरत्या चाकाखाली नेमक्या क्षणी सरकवायचा असतो. डाव्या चाकाला मोगरी बसली की ते अडते, उजवे पुढे जाते आणि रथ डावीकडे वळतो. क्षणभर उशीर झाला तर रथ घराच्या ओट्यावर जाऊ शकतो आणि क्षणभर घाई झाली तर हात जाऊ शकतो.

मी आठवीत असताना आमच्या शेजारचे काका मोगरीवर असत. एका वर्षी सुभाष चौकाच्या अलीकडे मी त्यांच्या अगदी जवळ सापडलो होतो. धोतराचा काचा मारून, कमरेत वाकून ते रथाबरोबर जवळजवळ उलटे चालत होते. गुलाल डोळ्यांत जात होता, तरी नजर चाकावरून हलत नव्हती. पुढून इशारा झाला, त्यांनी मोगरी टाकली, आणि चाक तिच्यावर चढताना लाकडावर लाकूड दाबल्याचा जो आवाज झाला तो माझ्या छातीत जाणवला. पाठोपाठ करपल्यासारखा वास आला. रथ थबकला, हळूच कलला आणि वळला. लगेच त्यांनी मोगरी ओढून घेतली. तिच्या एका कडेचा पापुद्रा निघून आतले पिवळे लाकूड उघडे पडले होते. रात्री काकूंनी त्यांच्या तळहातांना तेल-हळद लावली तेव्हा मी तिथेच होतो. "इतकी वर्षं झाली, पण वरचा देव मला कधी नीट दिसलाच नाही, मला चाकच दिसतं," असे ते म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते. त्यांच्या बोलण्यात खंत अजिबात नव्हती.

कोरीवकाम पाहायला येणाऱ्या माझ्या मित्राला मी म्हटले आहे की रथावरचे नक्षीकाम, पुढचे घोडे आणि सारथी अर्जुन हे सगळे तू पाहा, पण रथ गेल्यावर खाली पडलेल्या मोगऱ्यांवरच्या खाचाही पाहा.

बोरीकाठ

तुमचे म्हणणे मला माझ्याच अनुभवाने पटले. मी अमळनेरला चित्रकला शिकवते. काही वर्षांपूर्वी चौदा मुलांना स्केचबुके घेऊन मी नेमकी एकादशीलाच जळगावला आणले होते. गर्दीत उभे राहून एकाही मुलाला धड एक रेघ ओढता आली नाही, दोन मुलांच्या चपला हरवल्या, आणि सहावीतली एक मुलगी दाणा बाजाराच्या बाजूला आमच्यापासून वेगळी पडली. एका घरातल्या आजींनी तिला ओट्यावर बसवून पाणी दिले होते आणि हाताशी धरून ठेवले होते, म्हणून ती अर्ध्या तासात सापडली. त्या अर्ध्या तासात माझे काय झाले ते इथे लिहीत नाही.

पुढच्या वर्षी मी मुलांना आदल्या दिवशी नेले. रथ धुऊन पुसून झाला होता आणि सजावटीचे काम चालू होते. केळीचे खांब बांधणारी माणसे आणि झेंडूच्या माळा ओवणाऱ्या बाया समोर बसलेल्या होत्या आणि कुणालाच घाई नव्हती. मुलांनी चाकाचे आरे मोजले, चाकाची उंची आपल्या उंचीशी ताडून पाहिली आणि मग कागदावर घेतली. एका मुलाने तासभर फक्त एका गाठीचे चित्र काढले: जाड दोर रथाच्या लाकडाला बांधताना मारतात ती गाठ. माझ्या आजवरच्या नोकरीत विद्यार्थ्याने काढलेले इतके चांगले चित्र मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

आमच्या अमळनेरलाही संत सखाराम महाराजांचा रथ वैशाख शुद्ध एकादशीला निघतो आणि पौर्णिमेला पालखी असते. बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते. वैशाखातल्या उन्हामुळे दिवसा चित्रे काढणे अवघड जाते, पण रात्रीच्या दिव्यांत पात्रातली दुकाने आणि पाळणे यांचे रंग वेगळेच दिसतात. ज्यांना कार्तिकात जमत नाही त्यांनी तिकडचा विचार करावा.

नाशिकहून_पहिल्यांदा

खूप उपयुक्त माहिती मिळाली. यंदा आईवडिलांना घेऊन यायचा विचार आहे. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना गर्दीत उभे करणे शक्य नाही, तेव्हा एकादशीला आणावे की नाही? शिवाय एकादशीच्या दिवशी तिथे भरताच्या पार्ट्या असतात का? खान्देशात येऊन भरीत-पुरी न खाता परत जाणे वडिलांना मान्य नाही.

असोदेकर

दादा, भरताचा बेत त्या दिवशी मनातही आणू नका. कार्तिकी एकादशीला सगळ्या गावाचा उपवास असतो. गल्लीत ठिकठिकाणी केळी, साबुदाण्याची खिचडी आणि चहा वाटला जातो, तेच घ्यावे. शिवाय आमच्याकडच्या पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगे वर्ज्य असते आणि ते चंपाषष्ठीलाच पानात येते. त्यानंतर थंडीत कधीही या. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी वडिलांना पोटभर खाऊ घालू.

रथाच्या मार्गावरच चौधरी वाडा आहे, त्याविषयी मूळ लेखकांनी नुसते नाव लिहून पुढे जायला नको होते. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० साली आमच्या असोद्याचा, पण लग्न होऊन त्या ज्या घरात आल्या आणि ज्या घरात त्यांचे सगळे आयुष्य गेले ते घर हे. आता तिथे त्यांच्या वापरातल्या वस्तूंचे संग्रहालय आहे: शेतीची अवजारे, स्वयंपाकघरातली भांडी, रोजच्या व्यवहारातल्या गोष्टी. अक्षरओळख नसलेली ही बाई जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी रचत राहिली. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ती उतरवून घेतली नसती तर काहीच उरले नसते. त्या १९५१ साली गेल्या आणि गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली. त्या घराचा उंबरा ओलांडताना माझ्या आईने वाकून नमस्कार केला होता. ती तिथे कविता वाचायला गेली नव्हती. "आपल्यासारखीच बाई होती, हेच जातं, हीच चूल," एवढेच ती म्हणाली.

तेव्हा एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी आईवडिलांना हे घर दाखवा, संध्याकाळी वहन पाहा. त्यांचा उत्सव त्यातच पुरा होईल.

पिंप्राळकर

सर्वांचा मान राखून वेगळे मत मांडतो. आमच्या पिंप्राळ्याला आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो आणि लहानपणापासून मी त्याचा दोर धरत आलो आहे. 'कला पाहण्यासाठी रथोत्सव' ही कल्पनाच मला खटकते. रथ हे प्रदर्शन नाही. ज्या बाईने पहाटे उठून रांगोळी काढली तिने ती देवासाठी काढली, आपण वाकून फोटो घ्यावा म्हणून नाही. अलीकडे काही मंडळी मोठमोठे कॅमेरे घेऊन थेट दोराच्या आत शिरतात, ओढणाऱ्याला 'जरा थांबा' म्हणतात, आणि एकदा तर एकाने आरती चालू असताना पुजाऱ्यांना हात जरा उजवीकडे घ्यायला सांगितले. जिथे कला पाहण्यासाठीच व्यासपीठ उभारलेले असते, तिथे जावे. जानेवारीत सागर पार्कच्या मैदानावर बहिणाबाई महोत्सव भरतो. तिथे वही (डफाच्या साथीने गायचा आपल्या खान्देशातला लोकगीतप्रकार), भारूड, गोंधळ, शाहिरी असे सगळे बसून निवांत ऐकता येते, बचत गटांच्या ताटात भरीतही मिळते.

गल्ली नंबर पाच, धुळे

पिंप्राळकरांचा राग समजू शकतो, पण वहीचे उदाहरण त्यांनी दिले म्हणून मला उलट बाजू मांडावीशी वाटते. वही मी मैदानावर ऐकली आहे आणि माझ्या मामांच्या गावी चौकातही ऐकली आहे. मैदानावर प्रत्येक संघाला ठरावीक मिनिटे मिळतात. डफ तापायला, गळा मोकळा व्हायला आणि समोरच्यांना झेलकऱ्यांबरोबर, म्हणजे मुख्य गायकाची ओळ झेलून म्हणणाऱ्यांबरोबर, सूर धरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात निवेदक आभार मानून मोकळा होतो. चौकात मात्र मध्यरात्र उलटल्यावर वही खरी रंगते, आणि आपल्या अहिराणीतला एखादा शब्द, जो आजीनंतर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता, तो अचानक समोरून येतो. जी कला ज्या जागेत वाढली ती जागा तिच्यापासून वेगळी काढली की कलेतले काही ना काही कमी होतेच. महोत्सव भरू नयेत असे मी म्हणत नाही, त्यांच्यामुळे कलावंतांना मानधन मिळते आणि नव्या मुलांच्या कानांवर निदान काही पडते.

आमच्या धुळ्यातही खोल गल्लीतल्या बालाजीचा रथ दसऱ्यानंतरच्या एकादशीला निघतो. आमचे शहर कॅप्टन ब्रिग्जने १८१९च्या सुमारास आखून वसवलेले, म्हणून गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि नवख्या माणसाला पत्ता सापडायला त्रास होत नाही. जळगावच्या जुन्या गावाचे तसे नाही. तिथे वाकणे इतकी की मोगरीवाल्याचे कसब पणाला लागते. मूळ लेखात मोगरीचे वर्णन वाचले आणि आमच्याकडच्या मोगरीवाल्यांना मी आजवर नीट पाहिलेच नव्हते हे लक्षात आले.

फैजपूरची माहेरवाशीण

फ्लेक्सबद्दल कोणीच कसे लिहिले नाही? मागच्या वेळी मी वहनाच्या संध्याकाळी जुन्या गावात फिरत होते. ज्या वाड्याची तुळई आणि दाराची नक्षी मुलीला दाखवायला मी तिला घेऊन गेले होते, त्या वाड्याची सगळी दर्शनी बाजू शुभेच्छांच्या एका फलकाने झाकून टाकलेली होती. फलकावर पंधरा चेहरे होते, आणि देव कोपऱ्यात.

माझ्या माहेरी, फैजपूरला, १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेडेगावात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांकडे सोपवली होती आणि गावात मिळेल त्याच सामानातून ती करावी अशी त्यांची अट होती. बांबू, चटया, गवत, मातीची भांडी, बैलगाड्या, एवढ्यातून त्यांनी एक अख्खे नगर सजवले. माझे आजोबा तेव्हा लहान होते, पण बांबूच्या त्या कमानींचे वर्णन ते शेवटपर्यंत करत. केळीचे खांब, आंब्याचे टहाळे, झेंडू, कपाशीची बोंडे, ज्वारीची कणसे, यांतले कार्तिकात आपल्याकडे काय मिळत नाही? रथाच्या मार्गावरच्या प्रत्येक घराने फलकाऐवजी आपापल्या दारावर शेतातले तोरण बांधायचे ठरवले, तर बाहेरून येणाऱ्या चित्रकारांना पाहण्यासारखे खूप काही असेल, आणि आपल्यालाही आपला वाडा दिसेल.

चाळीसगावी

फोटो काढणाऱ्यांसाठी दोन शब्द. आमच्या गावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यातून सहसा बाहेर पडत नसत. टेबलावर खेळणी, काड्या, पीठ असल्या घरगुती वस्तू मांडून आणि प्रकाशाची दिशा बदलून त्यांनी डोंगर, वादळे आणि बर्फाची दृश्ये टिपली. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. मुंबई-नाशिककडून रेल्वेने जळगावला येणाऱ्यांना चाळीसगाव वाटेतच लागते. कॅमेरा घेऊन दोराच्या आत शिरण्याआधी तिथे दोन तास घालवावेत. एका जागी बसून प्रकाशाची वाट पाहणे म्हणजे काय, ते तिथे कळते. पिंप्राळकरांच्या तक्रारीशी मी शंभर टक्के सहमत आहे.

रथचौकातला

सर्वांचे आभार. असोदेकर, तुमचे खरे आहे. चौधरी वाडा माझ्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होता, म्हणून मी तो ओळीत एका नावासारखा लिहून टाकला.

पिंप्राळकर, तुमचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो आणि तरीही 'कला' हा शब्द मागे घेत नाही. आमचे मोगरीवाले काका देवासाठी राबत होते यात शंका नाही, पण देवासाठी राबताना त्यांच्या हातात जे कौशल्य आले होते ते पाहायला, जपायला आणि पुढच्या मुलाला शिकवायला कोणीतरी लागतेच. त्यांच्या पश्चात त्यांच्या घरातले कोणीही मोगरीवर गेले नाही. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, मीही पुण्यातच आहे. वरच्या मजल्याच्या ज्या सज्जातून आमच्या आया-मावश्या रथावर फुले टाकत, तो सज्जा वाड्याबरोबर पाडला गेला आणि तिथे आता दुकानाचे शटर आहे. बाहेरून कोणी चित्रकार आला, तासभर बसून त्याने एखाद्या उरलेल्या सज्जाचे चित्र काढले, तर त्या घरातला माणूसही मान वर करून आपल्या सज्जाकडे पाहतो. हे मी स्वतः घडताना पाहिले आहे. कॅमेरेवाल्यांनी दोराच्या बाहेर राहावे, आरतीच्या वेळी हात जोडून उभे राहावे आणि कुणाच्या ओट्यावर चढण्याआधी विचारावे, हे मात्र मी पुण्यातल्या मित्रांना तुमचे नाव सांगून बजावणार आहे. विचारले की आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा येतो.

एक गोष्ट राहून गेली. भिलपुऱ्यात रथ आला की संत लालशाह बाबांच्या समाधीवर चादर चढवली जाते. ही परंपरा आजही पाळली जाते. एकादशीला यायचेच असेल तर तो क्षण चुकवू नका; तिथे रथ थोडा वेळ थांबतो, त्यामुळे आजूबाजूच्या बायका-पोरांनाही नीट दर्शन होते.

नाशिकच्या दादांसाठी: आईवडिलांना आदल्या दिवशीच्या दुपारपर्यंत आणा. सकाळी निघालात तर जेवणाच्या वेळेला पोहोचाल. संध्याकाळी वहन बघून झाल्यावर त्यांना तिथून परत पाठवू नका, एकादशीलाही थांबवा. आमच्या जुन्या घराचा ओटा जमिनीपासून तीन पायऱ्या उंच आहे, समोर भिंत आहे आणि रथाचा मार्ग एक गल्ली सोडून आहे, त्यामुळे रेटारेटी तिथवर येत नाही. माझी आत्या अजून तिथेच राहते. दुपारी ती दोन खुर्च्या आणि एक बाज बाहेर टाकून ठेवते, आणि रथ जवळ आल्याचा नगारा ऐकू आला की म्हाताऱ्या मंडळींना कोपऱ्यापर्यंत हाताला धरून नेते. तुमच्या आईवडिलांसाठी आणखी दोन खुर्च्या काढायला तिला आजच सांगतो. वडिलांना पथ्य काय आहे तेवढे व्यक्तिगत निरोपात कळवा, म्हणजे उपवासाच्या भगरीत ती तिखट बेताने घालेल.